डाय कसा दिला, त्यावर काय दिसले

‘डाय टाकून सीटी केला’ एवढी एक ओळ रुग्णाच्या फाइलमध्ये असते आणि पुढचे सगळे लक्ष फिल्मवर जाते. डाय कोणत्या हातातून गेला, सुई किती जाडीची होती, दर सेकंदाला किती मिलिलिटर आत गेले, मागून सलाइन सोडले की नाही, पहिली प्रतिमा कितव्या सेकंदाला घेतली, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेले सापडत नाही. ज्या तंत्रज्ञाने किंवा सिस्टरने ते काम केले त्यांच्याही ते संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही, आणि अहवाल लिहिणाऱ्याला ते विचारावेसे वाटत नाही. या विषयाची ओळख करून देताना मला मांडायचे आहे ते नेमके याच्या उलट. इंजेक्शन ही स्कॅनच्या आधीची तयारी नव्हे. ते स्कॅनचाच भाग आहे. सीटीच्या डायमध्ये आयोडीन असते. आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून ते जिथे असेल तिथे चित्र उजळते. मात्र आयोडीन शरीरात एका जागी थांबत नाही. शिरेतून हृदयात, हृदयातून फुप्फुसात, तिथून परत हृदयात, मग महाधमनीतून अवयवांत आणि शेवटी मूत्रपिंडांतून बाहेर असा त्याचा प्रवास काही सेकंदांत सुरू होतो आणि काही तासांत बराचसा संपतो. स्कॅन म्हणजे या प्रवासातल्या एका क्षणाची नोंद. त्या क्षणी आयोडीन कुठे आणि किती दाट होते, हे रुग्णाच्या हृदयावर आणि वजनावर अवलंबून असते तितकेच ते देणाऱ्या हातावरही असते.

या शास्त्राचा इतिहास सहसा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी विषारी द्रव्ये होती, मग सोसणारी आली, मग आणखी सोसणारी आली. तो खोटा नाही. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक आणि अलेक्झांडर फॉन लिख्टेनबर्ग यांनी युरोसिलेक्टान वापरून मूत्रमार्गाची चित्रे काढली, आणि पुढे टॉर्स्टन आल्मेन यांच्या कल्पनेतून आयनविरहित डाय आले, तेव्हा लाखो रुग्णांचा त्रास वाचला. पण त्याच इतिहासाकडे वाटेच्या बाजूने पाहिले की वेगळीच साखळी दिसते. रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ च्या नोव्हेंबरात, आणि १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी छेदून वेगळ्या केलेल्या एका हाताच्या धमन्यांत खडूयुक्त मिश्रण भरून त्यांचे चित्र काढले. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या दिसायला १९२७ साल उजाडले. एगास मोनिझ यांनी लिस्बनमध्ये मानेतली धमनी शस्त्रक्रियेने उघडी करून तीत सोडियम आयोडाइड भरले. हा क्षार काही नवा नव्हता. मेंदूपर्यंत पोहोचण्याची वाट नवी होती. दोनच वर्षांनी रेनाल्डो दुश सांतुश यांनी पाठीतून सुई घालून महाधमनी गाठली. त्याच वर्षी वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयात नेली. १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी सुई, तार आणि नळी यांचा साधा क्रम लावून दिला आणि धमनी चिरण्याची गरजच संपवली. १९५८ मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांच्या नळीचे टोक नकळत उजव्या कोरोनरी धमनीत सरकले आणि डाय तिथेच गेला. हृदय क्षणभर थांबले, पण रुग्ण वाचला. एवढ्या बारीक धमनीत थेट डाय देणे म्हणजे मृत्यू, ही समजूत त्या दिवशी मोडली. आज जिल्ह्याच्या गावीही होणारी अँजिओग्राफी या वाट शोधणाऱ्यांच्या कामावर उभी आहे.

आता शिरेतून डाय देण्याकडे येऊ, कारण रोजच्या सीटीत तेच घडते. इथे थोडे गणित केल्याशिवाय मुद्दा पटत नाही. दर मिलिलिटरला ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेला डाय सेकंदाला ४ मिलिलिटर वेगाने सोडला, तर शरीरात दर सेकंदाला १४०० मिलिग्रॅम आयोडीन जाते. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मिलिलिटर रक्त फेकते. हे आयोडीन त्या रक्तात मिसळले की दर मिलिलिटर रक्तात सुमारे १७ मिलिग्रॅम आयोडीन येते. १२० किलोव्होल्टवर एका मिलिग्रॅमने साधारण २५ हौन्सफील्ड युनिट उजळपणा वाढतो, म्हणजे महाधमनी चारशेच्या आसपास उजळायला हवी. प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होतो, कारण डायचा लोट वाटेत पसरतो आणि पहिल्या फेरीतले आयोडीन फिरून परत येते. पण हिशेबाची दिशा बदलत नाही. तोच ८० मिलिलिटर डाय सेकंदाला २ मिलिलिटर वेगाने दिला तर २० सेकंदांऐवजी ४० सेकंद लागतील आणि उजळपणा जवळजवळ निम्म्यावर येईल. बाटली तीच, मात्रा तीच, रुग्ण तोच, आणि तरीही फुप्फुसातली लहानशी गुठळी एका चित्रात ठळक दिसेल तर दुसऱ्यात शंकास्पद. हाच हिशेब कमजोर हृदयाला लावला की अनेकांना चकवणारी गोष्ट समोर येते. हृदय मिनिटाला ३ लिटरच रक्त फेकत असेल, तर तेच आयोडीन कमी रक्तात मिसळते, म्हणून उजळपणा उलट जास्त होतो. फक्त तो उशिरा येतो. अशा रुग्णाला ठरलेल्या सेकंदाला स्कॅन केले आणि धमन्या फिक्या दिसल्या, तर डाय कमी पडला असे वाटून पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते. वाढवायला हवी होती ती प्रतीक्षा.

हाताच्या शिरेपासून हृदयापर्यंतचे अंतर फार नाही, पण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. कॅन्युलातून जाणारा प्रवाह तिच्या आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, हा प्वाझेलचा नियम शाळेत शिकून आपण विसरतो. पण हिरवी १८ गेजची, गुलाबी २० गेजची आणि निळी २२ गेजची कॅन्युला यांतली निवड करताना तोच नियम काम करत असतो. हिरवीतून सेकंदाला ५ मिलिलिटर सहज जातात, निळीतून ३ च्या पुढे जाणे सहसा टाळले जाते. डायचा दाटपणाही हिशेबात धरावा लागतो. ३५० तीव्रतेचा आयोहेक्सॉल २० अंश सेल्सिअसला जितका चिकट असतो, त्याच्या जवळपास निम्माच तो ३७ अंशांना असतो. वातानुकूलित खोलीत थंड पडलेली बाटली आणि वॉर्मरमधून काढलेली बाटली यांना एकाच सुईतून जायला सारखा दाब लागत नाही. हात कोणता, यालाही महत्त्व आहे. डाव्या हाताकडून येणारी मोठी शीर छाती ओलांडून, उरोस्थीच्या मागून आणि महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या धमन्यांच्या पुढून उजवीकडे जाते. ती न मिसळलेल्या दाट आयोडीनने भरली की तिथून पांढऱ्या-काळ्या रेघा फुटतात आणि नेमक्या त्या धमन्यांचे तोंड झाकोळते. उजवा हात घेतला की हा त्रास बराच कमी होतो. शेवटी डाय संपल्यावर हाताच्या शिरांत जो अडकून राहतो, त्याला मागून ३०-४० मिलिलिटर सलाइनने ढकलले नाही, तर तो भाग चित्राच्या कामी येतच नाही, आणि वर छातीतल्या मोठ्या शिरेत रेघाही उमटवतो. श्वासाचेही तसेच. फुप्फुसाच्या धमन्यांचे स्कॅन करताना रुग्णाला ‘जोरात श्वास घ्या आणि रोखा’ सांगितले, तर पोटाकडून येणाऱ्या महाशिरेतले डाय नसलेले रक्त एकदम वर ओढले जाते आणि ऐन वेळी धमनीतला डाय पातळ होतो. गरोदर स्त्रियांमध्ये हे जास्त दिसते. ‘हलका श्वास घ्या आणि थांबा’ एवढा शब्दांचा फरक पुरेसा ठरतो.

डाय कुठे सोडला यावर किती अवलंबून असते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा यकृतात मिळतो. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. आतड्याला रक्त देणाऱ्या धमनीत नळी ठेवून डाय सोडला, तर तो आतड्यातून फिरून पोर्टल शिरेने यकृतात येतो. सगळे यकृत उजळते आणि गाठ काळी दिसते. त्याच यंत्रावर, त्याच रुग्णाच्या यकृताच्या धमनीत डाय सोडला की चित्र उलटते, गाठ पांढरी होते. औषध तेच, अवयव तोच, गाठ तीच. बदलली ती फक्त वाट. आता हा तपास क्वचितच करतात, कारण हाताच्या शिरेतून एकदाच डाय देऊन ३५ ते ४० सेकंदांनी धमनीचा टप्पा आणि ७० सेकंदांच्या आसपास पोर्टल टप्पा टिपला की जवळपास तीच माहिती मिळते. म्हणजे वाटेने जे साधत होते ते वेळेने साधले. पण त्यासाठी डायचा लोट आखूड आणि दाट असावा लागतो. संथपणे दिलेला डाय या दोन टप्प्यांना एकमेकांत मिसळून टाकतो आणि धमनीवर जगणारी गाठ आपले वेगळेपण हरवते. याहून तीव्र उदाहरण फाँटान शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे आहे. त्यांच्यात वरची आणि खालची महाशीर थेट फुप्फुसाच्या धमन्यांना जोडलेली असते, आणि हातातून दिलेला डाय बहुतेकदा एकाच फुप्फुसाकडे जास्त वळतो. दुसऱ्या बाजूची धमनी रिकामी दिसते आणि तिच्यात गुठळी असल्याचा भास होतो. हात आणि पाय दोन्हीकडून डाय दिला किंवा थोडे थांबून दुसरे स्कॅन केले, तर ती ‘गुठळी’ नाहीशी होते.

अशा भासांना मी या विषयाचे मर्म मानतो, कारण त्यांतून चुकीचे उपचार सुरू होऊ शकतात. मूत्रपिंडांच्या पातळीवर डाय असलेले आणि नसलेले रक्त खालच्या महाशिरेत एकत्र येते तेव्हा तिथे गुठळीसारखा काळा पट्टा दिसतो. धमनीच्या टप्प्यात निरोगी प्लीहा पट्ट्यापट्ट्यांत उजळते, आणि अपघातातल्या रुग्णात ती फाटल्याचा संशय येतो. हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या उपांगात रक्त संथ असेल तर डाय वेळेवर पोहोचत नाही आणि तिथे गुठळी असल्यासारखे वाटते. महाधमनीच्या थरांत फट पडली असेल, तर मागाहून भरणारी खोटी पोकळी लवकर घेतलेल्या चित्रात बंद वाटते. या प्रत्येक ठिकाणी चित्र खोटे बोलत नाही. आयोडीन त्या क्षणी जिथे होते तेच ते दाखवते. ते कसे दिले, हे ठाऊक नसलेला वाचक त्याचा भलताच अर्थ लावतो.

यावर पहिला आक्षेप यंत्रांच्या बाजूने येतो, आणि तो बळकट आहे. १९८९ च्या सुमारास स्पायरल सीटी आले, २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची यंत्रे आली, आता छाती काही सेकंदांत स्कॅन होते. शिवाय महाधमनीत डाय १०० ते १५० हौन्सफील्ड युनिटपर्यंत चढला की यंत्र आपोआप स्कॅन सुरू करते. मग माणसाच्या हाताची इतकी चिंता कशाला? उत्तर असे की वेगाने ही चिंता कमी केली नाही, वाढवली. स्कॅनला अर्धा मिनिट लागायचे तेव्हा डाय थोडा मागेपुढे झाला तरी त्या अर्ध्या मिनिटात कुठेतरी तो सापडायचा. आता चार सेकंदांची खिडकी आहे आणि ती चुकली तर सगळेच चुकते. पायांच्या धमन्यांत तर यंत्र रक्ताच्या पुढे धावते. धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णांत महाधमनीपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत डायचा वेग सेकंदाला २९ पासून १७७ मिलिमीटरपर्यंत काहीही असू शकतो, असे मोजून दाखवले गेले आहे. टेबल त्याहून जोरात सरकले तर पोटऱ्यांच्या धमन्या रिकाम्या दिसतात, आणि त्या बंद आहेत असे समजले जाण्याचा धोका असतो. आपोआप सुरू होणाऱ्या स्कॅनबद्दलही हेच. ते कधी सुरू करायचे ते सांगते; डाय किती दाट असेल, किती वेळ टिकेल, कोणत्या शिरेत रेघा उमटतील, हे ते ठरवत नाही. यंत्र जिथे डाय मोजते ती महाधमनीतली खूण चुकीच्या ठिकाणी ठेवली, किंवा सुई शिरेबाहेर गेली, तर यंत्र नुसते वाट पाहत बसते.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात खरेपणाचा मोठा अंश आहे. पोटाच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये, पोर्टल टप्प्यात यकृत किती उजळेल हे वेगापेक्षा एकूण आयोडीनवर आणि रुग्णाच्या वजनावर ठरते. किलोला साधारण ५०० मिलिग्रॅम आयोडीन दिले की यकृताचा उजळपणा सुमारे ५० युनिटांनी वाढतो. मग ते सेकंदाला २ मिलिलिटरने दिले की ४ ने, याने फारसे बिघडत नाही. मेंदूतली गाठ पाहण्यासाठी डाय देऊन काही मिनिटे थांबतात, तिथेही तसेच. म्हणून प्रेशर इंजेक्टर नसलेल्या किंवा तो बंद पडलेल्या केंद्रात हाताने डाय देऊन केलेले प्रत्येक स्कॅन निरुपयोगी, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. म्हणणे इतकेच, की कोणत्या प्रश्नाला वेग लागतो आणि कोणत्याला लागत नाही हे आधी ठरवले पाहिजे. हाताने देताना सिरिंजचा आकारही मोजावा लागतो: ५० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या रुंद असतो, त्यामुळे अंगठ्याचा तितकाच जोर कमी दाब निर्माण करतो, आणि शेवटच्या काही मिलिलिटरांत वेग कोसळतो. त्या वेगावर फुप्फुसातल्या गुठळीचा निकाल देणे धाडसाचे आहे. त्याच वेगावर यकृतातले गळू पाहणे योग्य आहे. एकूण मात्रेची ही बाजू २०२२ मध्ये जगाने अनुभवली. शांघायमधल्या टाळेबंदीमुळे तिथल्या कारखान्यातून येणारा आयोहेक्सॉल आटला आणि अनेक देशांतल्या रुग्णालयांनी सरसकट १०० मिलिलिटर देण्याऐवजी वजनाप्रमाणे मात्रा मोजायला सुरुवात केली. व्होल्टेज कमी केले की आयोडीन क्ष-किरण जास्त अडवते, याचाही उपयोग केला गेला. ती शिस्त टंचाईसाठी नव्हती, ती नेहमीसाठीच असायला हवी होती.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. जोरात डाय दिला तर शीर फुटेल, डाय मांसात पसरेल, ही भीती तंत्रज्ञांच्या मनात असते आणि ती क्षुल्लक नाही. डाय शिरेबाहेर जाण्याचे प्रमाण वेगवेगळ्या नोंदींत हजारी एक ते बारा इतके आढळते. पण या घटना वेगाच्या प्रमाणात वाढतात असे आढळलेले नाही. शीर कुठली निवडली, सुई नीट बसली का, आधी सलाइनने तपासली का, पहिले काही सेकंद कोणी बोट ठेवून उभे होते का, यावर जास्त ठरते. हाताच्या पाठीवरच्या नाजूक शिरेत निळी कॅन्युला बसवून ४ चा वेग देणे आणि कोपराच्या खोबणीतल्या शिरेत गुलाबी कॅन्युलातून तो देणे, या दोहोंना एकच धोका म्हणता येत नाही. मूत्रपिंडांबाबतही वाट महत्त्वाची ठरते. युरोपियन सोसायटी ऑफ युरोजेनिटल रेडिओलॉजीच्या मार्गदर्शनात शिरेतून डाय द्यायचा असेल तर सावधगिरीची रेषा ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचे माप) ३० वर आहे. डाय धमनीतून थेट मूत्रपिंडावर जाणार असेल तर तीच रेषा ४५ वर आणली आहे. मणक्याच्या पोकळीत तर चुकीच्या जातीचा डाय गेला, तर रुग्ण दगावू शकतो. शिरेत निरुपद्रवी असलेले औषध तिथे घातक ठरते. इंजेक्शनची पद्धत हा चित्राच्या गुणवत्तेचा प्रश्न आहेच, आणि रुग्णाच्या जिवाचाही.

एमआरआयच्या गॅडोलिनियमबद्दल आणि सोनोग्राफीच्या सूक्ष्म बुडबुड्यांबद्दल थोडक्यात इतके सांगतो की तिथेही नियम बदलतो, तत्त्व नाही. गॅडोलिनियम थोडे असताना संकेत वाढवते आणि फार दाट झाले तर तो घटवते. त्यामुळे ‘जितका जोर तितके चांगले’ हा सीटीचा ठोकताळा तिथे जसाच्या तसा नेता येत नाही. बुडबुडे बारीक सुईतून दाबाने ढकलले तर शरीरात पोहोचण्याआधीच फुटतात.

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. डायची बाटली आणि मात्रा लिहिलेला, पण ती देण्याची रीत न लिहिलेला अहवाल अपुरा आहे, आणि अशा दोन अहवालांची तुलना करून गाठ वाढली किंवा कमी झाली असे म्हणणे जोखमीचे आहे. सीटी विभागात काम करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की हात, कॅन्युलाचा गेज, तीव्रता, मात्रा, वेग, सलाइन आणि स्कॅनचा सेकंद या गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत लिहाव्यात. एवढे लिहायला एक मिनिट पुरते. अहवाल लिहिणाऱ्यांनी चित्र उघडण्याआधी ती ओळ वाचावी. आणि जे स्वतः कधी त्या टेबलावर झोपतील त्यांनी आपले खरे वजन सांगावे, श्वास सांगितला तेवढाच घ्यावा, आणि डाय जाताना सुईच्या जागी दुखले किंवा फुगल्यासारखे वाटले तर गप्प न राहता लगेच हाक मारावी. इंजेक्शन थांबवता येते आणि स्कॅन पुन्हा करता येतो.